नात्यातली नाही

नाही नाही, त्या खिडकीपाशी नको उभी राहूस, ती नुसती पोचपावतीची. तिथे कागद दिलास की शिक्का मारतील आणि तू घरी जाऊन वाट बघत बसशील. आज भेटीचा दिवस आहे ना — मग नंबर घे आणि बस इथे, सरकते मी. घेतलास? ये. कुणासाठी आलीस? भाऊ. धाकटा का? बरं. आणि तुला वाटतंय की वर न्यायाधीश बसलेत, ते तुझ्या भावाचा खटला पहिल्यापासून ऐकतील. अगं, तुझी चूक नाही, बाहेर पाटीच तशी लावलीय. न्याय मंत्रालय. सगळे फसतात. खटले कोर्टात चालतात, बाळ, आणि कोर्टाला हे लोक अमुकच निकाल दे असं सांगू शकत नाहीत — सांगायचंही नसतं. मग इतकी माणसं दिवसभर करतात काय? मीही हेच विचारायची.

पहिल्या मजल्यावर कायदे लिहितात. म्हणजे ठरवतात दुसरेच, हे फक्त शब्दांत बसवतात, आणि 'देईल' लिहायचं की 'देऊ शकेल' यावरून आठवडाभर डोकी फोडतात — हसू नकोस, त्या एका शब्दावर माणसाचं पेन्शन अडतं. दुसरा मजला सल्ल्याचा. बाकीची खाती येऊन विचारतात, आम्ही असं केलं तर आमच्यावर केस होईल का. हे म्हणतात होईल. ती करतातच. मग त्यांची बाजू मांडायला वकील कोण देतो? हेच. तिसऱ्यावर कोर्टांचा संसार — न्यायाधीशांच्या नेमणुकीचे कागद, इमारती, खुर्च्या, छप्पर गळलं तरी अर्ज इथे. आणि चौथा मजला आपला. माफी शाखा. तिथेही निकाल चूक की बरोबर ते बघत नाहीत हं. शिक्षा झाली ती झाली, उरलेली सोडायची का, एवढंच बघतात. सही होते पार वर, मोठ्या लोकांची, पण ती ज्या शेऱ्याखाली होते तो शेरा चौथ्या मजल्यावर लिहिला जातो. म्हणून आत गेलीस की 'माझा भाऊ निर्दोष आहे' हे पालुपद लावू नकोस. तो आता कसा वागतो, सुटला तर राहील कुठे, काम कोण देईल, ते सांग. नाही, मी वकील नाही. येऊन येऊन शिकले.

घाबरू नकोस. आज खाली दुय्यम साहेब तुझं म्हणणं लिहून घेतील, पण कागद वाचून शेरा लिहिणार त्या चौथ्या मजल्यावरच्या मॅडम, आणि त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तुरुंगातून आलेलं वेडंवाकडं अक्षरसुद्धा भिंग घेऊन लावतात. वशिला चालत नाही, रडणं चालत नाही, मंत्र्यांचा फोन आला तर तो आला होता हेसुद्धा कागदावर लिहून ठेवतात. मला कसं ठाऊक? ठाऊक आहे. लहानपणापासून तशीच — शाळेत बाईंनी चुकून एक मार्क जास्त दिला तर परत करायला गेली होती, मी म्हटलं अगं राहू दे की, तर — हं. बोलून गेले ना. असू दे, लपवायचं कशाला. माझी मुलगी आहे ती. मीच जन्म दिलाय.

हो, आणि तरी मी नंबर घेऊन बाकावर बसलेय. बघतेस काय अशी? माझाही अर्ज आहे. माझ्या मुलासाठी. तिच्या धाकट्या भावासाठी, सख्ख्या. भांडणात त्याने एकाला ढकललं, तो माणूस पायरीवर आपटला आणि गेला. चूक त्याचीच, मी कुणापुढे तोंड वर करून 'नाही' म्हणणार नाही, त्या माणसालाही आई होती. शिक्षा भोगली त्याने, आता थोडी उरलीय, त्या उरलेल्यासाठी अर्ज. अर्ज वर पोचला त्याच दिवशी हिने लिहून दिलं — अर्जदार माझा भाऊ आहे, मी या कागदाला हात लावणार नाही. बरोबर केलं. दुसरं काही केलं असतं तर मीच तिला बोलले असते. मग घोडं अडलं कुठे? तर कागद गेला दुय्यम साहेबांकडे. आता ते बिचारे 'सोडावं' म्हणाले तर लोक म्हणणार, साहेबीणबाईंचा भाऊ म्हणून सोडला. 'सोडू नये' म्हणाले तर उद्या मॅडमना तोंड कसं दाखवायचं. म्हणून ते काहीच म्हणत नाहीत. 'अधिक माहिती मागवावी' लिहितात. तुरुंगाकडून मागवली, आली. पोलिसांकडून मागवली, आली. आता पुन्हा तुरुंगाकडून. भिजत घोंगडं. याच्यानंतर आलेले, काही तर याच्याहून वाईट गुन्ह्यातले, घरी गेले. बहीण चोर असती, लबाड असती, तर माझा मुलगा कधीच सुटला असता. आणि बहीण या खात्यात नसती तरी सुटला असता. आता यात मी रागवायचं कुणावर, सांग.

घरी विचारलं मी तिला. एकदाच. ताट वाढता वाढता. म्हणाली, आई, ऑफिसचा विषय घरात नको. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली, किती तरी वेळ. नळाच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही असं वाटतं तिला. ती साधी चौकशी करू शकत नाही गं, 'माझ्या भावाचं काय झालं' एवढं विचारलं तरी ती ढवळाढवळ ठरते. भेटायलाही जात नाही त्याला. तुला भावासाठी धावत आलेली बघितली आणि मला तीच आठवली. तिलाही असंच यायचं असेल. म्हणून मी ठरवलं, ऑफिसचा विषय घरात नको ना — मग घरचा विषय ऑफिसात आणते. तिचा आणि माझा इथे काही संबंध नाही. मी अर्जदाराची आई. दर भेटीच्या दिवशी येते, नंबर घेते, बसते, आणि दुय्यम साहेब माझा नंबर पुकारतच नाहीत. स्वतः बाहेर येतात, माई आत पंख्याखाली बसा म्हणतात. मी नाही बसत. मला पंखा नको, मला मेहेरबानी नको. हो लिहा नाही तर नाही लिहा, पण लिहा. नाही लिहिलंत तर मी रडत घरी जाईन आणि उरलेले दिवस मोजेन, तो माझा हक्क आहे. पण माझ्या मुलीच्या खरेपणाचं कुलूप करून माझ्या मुलाला आत ठेवू नका. आज हे भर खोलीत म्हणणार आहे, सगळ्यांसमोर, मोठ्याने. ती वरून ऐकेल तर ऐकू दे.

थांब. तो शिपाई इकडेच येतोय. ट्रे घेऊन.

अरे, हे काय? कपबशीतून चहा? या बाकावर इतकी माणसं बसलीत, कुणाला पाणी तरी विचारलंत का? साहेबांनी पाठवला. बरं, साहेबांनी. आणि दोन कप कशाला — दुसरा कुणाला? हिला? माझ्याबरोबरच्या बाईंना म्हणाले? — नको, हात लावू नकोस कपाला. ठेव तो खाली. अगं, कळत कसं नाही तुला, साहेबांनी आपल्या खोलीच्या काचेतून आपल्याला बोलताना बघितलं. आता ते तुझ्या कागदावर लिहून ठेवतील, मॅडमच्या घरच्यांची ओळख. आणि ती, ती तर तुझ्याही कागदावरचा हात त्याच दिवशी काढून घेईल, मी ओळखते तिला. मग तुझा भाऊही माझ्या मुलाच्या रांगेत.

ए, हे परत ने. दोन्ही. आणि साहेबांना सांग, ही बाई माझी कुणी नाही. नात्यातली नाही, ओळखीची नाही, हिचं नावसुद्धा मला माहीत नाही. — ऊठ तू. ऊठ म्हणते ना. त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बस आणि माझ्याकडे बघू नकोस.

काय हो बाई, रडता काय? मी तुम्हाला ओळखत नाही. व्हा पुढे.