घंटेचा दोर

—ते समजलं हो पाळकसाहेब, दोर तुटला, उद्या रविवार, देवळाची घंटा मुकी ऱ्हायला नको — तीनदा सांगून झालं तुमचं. आता बोलणं पुरे, हे टोक धरा. दोन्ही हातांनी! एका हातानं धरायला ही काय छत्री हाय? मनगटाला एक वेढा घाला — व्हय, असं — आन् अंग जरा मागं झोकून उभे ऱ्हा. मागं म्हंजे फार मागं न्हाई, तुमच्या पाठीशी घायपाताच्या पानांचा ढीग पडलाय, त्याच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो, टेकू नका त्याला. मी इकडनं फिरकी फिरवणार, हे तीन पेड एकमेकांत बसत जाणार, तसा दोर आखडणार आन् तुमाला माझ्याकडं ओढणार. ओढील तसं पाऊल पाऊल पुढं यायचं. पर सोडायचा न्हाई. मधीच सोडला तर सगळा पीळ उलगडतो आन् सकाळपासनंचं काम मातीत जातं. बास, एवढंच तुमचं काम. आन् तुमाला खरं काय बोलायचंय ते मला ठाऊक हाय. दोर सांगायला पाळक स्वतः येत न्हाई, तेही शनिवारी, उपदेशाची तयारी सोडून. निरोप धाडला असता तरी दोर आला असता. तुमाला माझ्या पोरानं धाडलंय. शमूनं. म्हातारा माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल — असंच म्हणाला ना? गप ऱ्हा. पीळ बसू द्या.

दोर तुटल्याचं मला काय वाटलं सांगू का? काय न्हाई. तुटणारच. घायपाताच्या वाखाची जात हाय ती, ऊन-पाऊस खाऊन कुजते. वाईट वाटलं ते दुसऱ्याचं. गेल्या रविवारी घंटा वाजली न्हाई, आन् तरी सगळी मंडळी येळेवर हजर! एक माणूस चुकलं न्हाई. कसं काय? पिंपरीच्या भोंग्यावर! तो औषधाचा कारखाना भोंगा देतो, त्यावर चिंचवड उठतं, भोंग्यावर जेवतं, आन् आता भोंग्यावर देवळात बी येतं. आवो, एक काळ असा होता, सांजच्या प्रार्थनेची घंटा झाली की नदीपल्याडच्या मळ्यांतली माणसं मोट सोडायची. आपल्या धर्माची न्हाईत, देवळाची पायरी कधी चढली न्हाईत, पर आपल्या घंटेवर त्यांचे बैल सुटायचे. तो दोर मी वळलेला. आता कोण विचारतंय? आता पोरगं सांगतं, दादा, भोंगा एक मिनिट इकडं-तिकडं होत न्हाई. न्हाई होत तर न्हाई होत! भोंगा काय कुणाला प्रार्थनेला बोलावतो?

या, एक पाऊल पुढं या. हां.

तर शमू. तुमी दोन वर्सांमागं आलात, तुमाला आधीचं ठाऊक न्हाई, म्हणून सांगतो. आठ म्हयन्यांचा असताना डांग्या खोकल्यानं पार निळा पडला होता. त्याची आई, कुशा — बाई मोठी श्रद्धेची, पर बाप्तिस्मा घेतला म्हणून माहेरची वळणं एका दिवसात जात्यात व्हय? तिनं नवस केला. येशूला नवस! तेव्हाचे पाळक तिला रागं भरले, म्हणाले, कुशाबाई, हे आपल्यात नसतं, आपला देव नवसाला पावत न्हाई, कृपेनं देतो. ती म्हणाली, बरं, कृपेनं देऊ दे, पर मी माझ्याकडनं सांगून ठेवते. देवळात गेली, घंटेच्या दोराचा एक पेड नखानं सोडवला — मी वळलेला दोर, खराब केला माझा! — आन् ती सुतळी पोराच्या मनगटाला बांधली. देवा, ह्याला ठेव, म्हणाली, हा तुझ्या कामाला येईल. पोरगं वाचलं. नाव शमुवेल ठेवलं, ते ह्याच्यामुळं. शास्त्रातल्या शमुवेलासारखं, आईनं देवाला दिलेलं पोर. आता बोला! दिलेली वस्तू परत मागायची असती का? नगरच्या पाळकशाळेत जागा मिळावी म्हणून मी किती उंबरे झिजवले, ते माझं मला ठाऊक. उद्या उपासनेत त्यानं पुढं उभं ऱ्हायचं, मंडळीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आन् सोमवारच्या गाडीनं नगर. ठरलेलं हाय. सगळ्या मंडळीला ठाऊक हाय. आन् आता हा म्हणतो, सोमवारी मला कारखान्यात कायम करणार हायेत, मला तिथं जाऊ द्या!

काय करतो तिथं? टाक्या धुतो. मोठमोठ्या टाक्या, हौदासारख्या, त्यात बुरशी वाढवत्यात. बुरशी! शिळ्या भाकरीवर येते ती — आमी कोंबड्यांना टाकतो ती — आन् तिच्यातनं औषध काढत्यात. टाकी जरा जरी अस्वच्छ ऱ्हायली तर सगळी बुरशी नासते, म्हणतो. म्हणून म्हणतो, माझं काम मोठं हाय. टाकी धुण्याचं! मागल्या म्हयन्यात तुमीच त्याला बोलायला उभं केलंत, सवय व्हावी म्हणून — आठवतंय ना? मला तर रोज आठवतं. उभा ऱ्हायला, वचन वाचलं ते धड वाचलं, आन् पुढं शब्द फुटंना. बाकं कुरकुरायला लागली. आन् मग तोंड उघडलं ते बुरशीवर! देवानं टाकाऊतल्या टाकाऊ वस्तूत जीव वाचवायची ताकद ठेवलीया, म्हणाला, आन् माणसाला ती आत्ता कुठं दिसली. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. सोपानराव पुढच्या बाकावर — तो कायमच पुढच्या बाकावर, मंडळीचा पंच ना — मागं वळून माझ्याकडं बघून म्हणतो कसा, कोंडाजी, पोरगं पाळक होणार की भटारी? सगळ्यांदेखत! मला वाटलं, जमीन दुभंगावी. तीस-पस्तीस वर्सं मी दाराशेजारच्या बाकावर बसतोय. दोरवाल्याला कोण पुढं बोलावतो? देवापुढं सगळे सारखे, पर बाकं काय सारखी न्हाईत पाळकसाहेब. पाळकाच्या बापाला मात्र पुढं बसवत्यात. तुमचे वडील बसत असतील. मी म्हणलं, एकदा — एकदाच — पुढं बसावं आन् सोपानरावाला माझं टक्कल बघू द्यावं —

म्हंजे माझ्यासाठी न्हाई. कुशासाठी. तिच्या शब्दासाठी म्हणतोय मी. उगंच माझ्या तोंडाकडं बघू नका, दोराकडं बघा, ढिला सोडलाय तुमी.

मी काय म्हणतो, मला कुणी कामाची किंमत शिकवू नका. शमूनं तुमाला सांगितलं असंल, दादा कारखान्याला हलकं समजतात. अजिबात न्हाई! ह्या गावात कामाला हलकं न समजणारा मी पहिला. इथं एक गोरे साहेब होते, मिशनचे, भला माणूस, उन्हानं टोमॅटोसारखा व्हायचा. ते मला म्हणाले, कोंडाजी, तुला देवाचं पाचारण हाय, दोर वळणं सोड, शास्त्राची पुस्तकं घेऊन गावोगाव फीर, पगार देतो. सोपानरावानं तेच धरलं, आन् बघा कुठं जाऊन बसला. मी न्हाई म्हणलं. तोंडावर. मी म्हणलं, साहेब, माणूस विहिरीत पडला तर त्याला पुस्तक टाकाल का दोर? गोरा माणूस, पर खो खो हसला. म्हणाला, दोर टाकीन, पर तो वर आला की पुस्तक देईन. मी म्हणलं, मग आधी कुणीतरी दोर वळायला पाहिजे का न्हाई? देवानं मला ह्यालाच बोलावलंय. आन् नुसतं बोलायला म्हणून न्हाई बोललो. पुनावळ्याचा गेनबा गाळ काढताना विहिरीत पडला, पाय मोडला, त्यात पाण्याचे झरे फुटलेले — माझ्या दोरानं वर आला. तीन गडी ओढत होते, विहिरीचा काठ दोराला कापत होता, एक पेड गेला, पर दोन पेडांनी धरलं. अजून दिवाळीला करंज्या धाडतो. मी दोर वळायला बसतो ना, तेव्हा प्रभूचं नाव घेऊनच पहिला पीळ देतो, आन् कुठल्या पेडात मी आळस भरला न्हाई. कोण बघतंय आतल्या पेडात? कुणी न्हाई. पर विहीर बघते. हेच माझं यश, आन् हीच माझी उपासना, ज्याला समजायची त्याला समजली. आन् म्हणून मला कुणी असं सांगू नये की टाकी धुणं हे बी —

थांबा जरा. फिरकी अडकली.

न्हाई, अडकली न्हाई. या पुढं.

तुमी एवढ्या वेळात एकच बोललात, तेही हळू, पर मी बहिरा न्हाई. कुशा 'पाळक' म्हणाली होती का, असंच विचारलंत ना? न्हाई. 'तुझ्या कामाला' म्हणाली. पर देवाचं काम म्हणजे — दुसरं काय असतं? बारक्या पोराला देवाला दिलं म्हणल्यावर — मीच सगळ्यांना पाळक पाळक सांगत सुटलो, ती नुसती हसायची. तिला काय वाटत होतं ते कधी बोलली न्हाई. आता विचारायची सोय न्हाई.

ती कशी गेली ते सांगितलं का शमूनं? न्हाई सांगायचा. तुमी जिथं उभे हाय ना, तिथंच उभी ऱ्हायची ती. टोक धरून. लग्नापासनं. मला फिरकीचा आवाज ऐकून कळायचं, तिनं हात बदलला की काय. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या साली, घायपाताची पानं तोडताना तळहातात काटा गेला. दाखवलाच न्हाई. हळद भरली आन् दोर धरला. चार दिवसांत हात कोपरापर्यंत टम्म. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर चांगला माणूस, मान खाली घालून म्हणाला, कोंडाजी, ह्या पुवावर औषध निघालंय, नवीन, पर ते आपल्याकडं न्हाई, सगळं पलटणीला जातं. देहूच्या बाजूला एवढी पलटण पडलेली, आमी त्यांच्या लष्करी गाड्या जाऊन बघायचो — तिथं ते औषध होतं, बाटल्यांत. आन् ही इथं. पाळक उशाशी बसले होते, रात्रभर, प्रार्थना करत. मी बी केली. शमू तेव्हा एवढा, कमरेला लागंल एवढा, तो बी गुडघ्यावर. मी प्रार्थनेला नावं ठेवत न्हाई, ठेवणार बी न्हाई. पर विहिरीत माणूस पडलेला, आन् दोर पलटणीत.

तो कारखाना तेच औषध करतो. तेच. शमूनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी जेवण टाकून उठलो.

देवाला उशीर झाला, असं म्हणू नये. पर झाला.

आलात की अगदी जवळ. बघा, आता हातभरच अंतर ऱ्हायलं, झाला दोर. गाठ मारतो. घट्ट धरा, आता तर मुळीच सोडू नका — हं — झालं. ओढून बघा. हिसका द्या! काय होत न्हाई, पंधरा-वीस वर्सं बघायला नको. आता हा घेऊन जा आन् शमूला सांगा, उद्या उपासनेची घंटा त्यानं वाजवायची. वर व्यासपीठावर चढायचं न्हाई, बोलायचं न्हाई, बुरशीचं तर नाव काढायचं न्हाई. खाली दारात उभं ऱ्हायचं आन् दोर ओढायचा. असा ओढायचा, की भोंगा ऐकणाऱ्यांना बी ऐकू जाईल. मंडळीनं हात ठेवायचा तर तिथंच येऊन ठेवावा डोक्यावर. पुढं सोमवारचं सोमवारी. मी हो म्हणालो असं त्याला सांगू नका! सांगा, म्हातारा ओरडला. ते खरंच हाय. आन् सोपानरावाला सांगायची काय गरज न्हाई, माझं बाक मला बरं हाय. दाराजवळ हाय ते. तिथनं दोर दिसतो.

पैसे? देवळाच्या दोराचे मी कधी घेतलेत? ठेवा तो हात खिशाबाहेर — थांबा. कोपराला काय हाय ते? रक्त कसलं? बघू. बाही वर करा. वर करा म्हणतो ना! काटा गेलाय. सबंध गेलाय आत, आन् मोडलाय. मघाशी टेकलात ना मागं? मी सांगितलं होतं, टेकू नका! आन् तेव्हापासनं तसेच उभे — बोलायचं न्हाई व्हय? दोर गेला असता तर दुसरा वळला असता मी! हळद? हळदीचं नाव घेऊ नका माझ्यापुढं. चला, दवाखाना गाठा, काटा काढून घ्या आन् सुई टोचून घ्या, ती बुरशीची. आता मिळती ना इथं? का अजून पलटणीलाच जाती? उद्या न्हाई, आत्ता. तो दोर टाका खाली, शमू नेईल. हात कसले जोडताय, प्रार्थना मी करतो इथं बसून. तुमी निघा.