पितळेच्या रिंगा

ऑइलच्या दुकानात माझ्यापुढे एक सासरा आणि सून उभे होते. ट्रक त्यांचाच, दारात लावलेला.

"गिअरबॉक्सला तेच जाड ऑइल घे, मागच्या चाकांच्या डिफरन्शियलला घातलं ते. दोन डबे कशाला?"

"नको मामा. ते पितळ खातं. आपल्या गिअरबॉक्सात गिअर जुळवायला पितळेच्या रिंगा आहेत."

"जन्मभर मी दोन्हीकडे एकच ओतलं."

"तुमच्या जुन्या गाडीत रिंगाच नव्हत्या. हिचा तिसरा गिअर खरखरतो, तो कशानं?"

"तुझ्या क्लचनं."

"खरखर मागच्या सर्व्हिसनंतर लागली. ऑइल कोणी ओतलं होतं?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू दे. उद्या भरलेली गाडी घाटात उतरवायचीय. गिअर पडला नाही तर नुसत्या ब्रेकवर मरू का? पितळ न खाणारं ते जीएल-फोर ऑइल द्या हो, दुकानदार."

"काका, आधी ड्रायव्हरला विचारा. बाईमाणसाचं ऐकाल आणि डबा परत आणाल."

"ड्रायव्हरच बोलतेय, कान साफ कर! माझ्या पोराला ट्रक धड मागे घेता येत नाही, आणि हिला बघून घाटातले ड्रायव्हर बाजू देतात. जीएल-फोर म्हणाली ना? काढ. आणि डबा माझ्याकडे दे. तिचे हात स्टिअरिंगला लागतात."