नखाला न लागलेली फट

लेक : आई गं! ओढू नकोस, केस मुळासकट येतील.

आई : मग मान हलवू नकोस. फोनवर बोलताना केस मागे घ्यायला काय होतं तुला?

लेक : केसांचा काय दोष? हा फोनच धरून ठेवतो. काच आणि बॉडीच्या मधे जाऊन अडकतात. कालही ऑफिसात अडकले. शेजारची म्हणाली, फोन काही तुला सोडायला तयार नाही.

आई : सुटले, घे. पण अडकतील कसे? सांध्याला फट असली तर अडकतील.

लेक : मग आहेच फट.

आई : ह्याला? फोनच्या कारखान्यात चेकिंगला बसणारी बाई मी, स्वतः निवडून आणलाय हा. कारखान्याच्या काउंटरवर अख्खा ट्रे चाचपला, तेव्हा कुठे हा पसंत पडला. रांगेतल्या मागच्या बायका वैतागल्या. म्हणाल्या, फोन घेतेयस की जावई शोधतेयस?

लेक : जावई दुसऱ्या कुणाला तरी शोधायला सांग. बरं, मी सर्व्हिस सेंटरला दाखवते. नवा आहे, बदलून देतील.

आई : नको.

लेक : का?

आई : फोनच्या नंबरावरून लाइन कळते, कुणाच्या टेबलावर तपासला ते कळतं. माझंच टेबल निघेल.

लेक : निघू दे की. सुटतो एखादा.

आई : माझ्या नखाखालून नाही सुटत. आण इकडे. कुठेय तुझी ती फट?

लेक : ही काय, बटणांच्या खाली.

आई : (कडेवरून नख फिरवत) इथे?

लेक : थोडं वर. हां, तिथेच.

आई : गुळगुळीत आहे.

लेक : अगं, माझं नख आत जातंय. बघ.

आई : उजेडात धर. हं… दिसतेय. बॉडीला बाक आलाय, म्हणून काच एका अंगाने उचललीय.

लेक : मग मघाशी काय म्हणत होतीस?

आई : थांब, परत फिरवते. …नाही गं. लागत नाही.

लेक : डोळे मीट जरा.

आई : आता हे काय नवीन?

लेक : मीट तर. मी काय करतेय तुझ्या बोटाला?

आई : बोट टेकवलंयस.

लेक : सेफ्टी पिन आहे, आई. टोक टोचतेय.

आई : टोचतेयस?

लेक : कधीपासून आहे हे?

आई : काय माहीत. कळत नाही, हेच कळलं नाही. दिवसभर स्पिरिटने पुसायचं आणि कड चाचपायची. ग्लोव्हज घातले की सांधा लागत नाही, म्हणून उघड्या बोटांनी. संध्याकाळी सगळ्यांचीच बोटं बधिर होतात. मला वाटलं, दमणूक आहे, दुसरं काय.

लेक : म्हणून परवा गरम पातेलं नुसत्या हातांनी उतरवलंस. आणि आम्ही म्हटलं, आईचे हात लोखंडाचे.

आई : मीही हसलेच की. सुपरवायझर अजून नव्या मुलींना माझ्याकडे पाठवतो. म्हणतो, बाईंचं नख बघा. आणि हल्ली माझा ट्रे सगळ्यांच्या आधी संपतो. मला आपलं वाटायचं, माल सुधारलाय.

लेक : डॉक्टरांकडे जाऊ.

आई : जाऊ. पण आधी कारखान्यात सांगायला हवं. पॅकिंगला टाकतील, नाहीतर घरीच बसवतील.

लेक : मग नको ना सांगूस एवढ्यात. मी नाही जात सर्व्हिस सेंटरला. केस बांधून बोलत जाईन.

आई : आणि माझ्या हातून गेलेले बाकीचे फोन घेणाऱ्यांचं काय? त्यांचे केस मी जाऊन बांधू? सांगते उद्या, शिफ्टच्या आधी. काम गेलं तर काय करायचं, ते आत्ता डोक्यात घेण्याचंही त्राण नाही बघ. ये, पुढ्यात बस. केस पार पिंजारलेत, विंचरते.

लेक : राहू दे गं आता.

आई : बस म्हणते ना.

लेक : आई, हळू!

आई : लागलं?

लेक : गुंता आहे तिथे.

आई : मला कळत नाही गं. कुठे आहे ते तू सांगत जा.