तानाबाईच्या वावरातली उपासना

भैयाजी : हसू नका, पाळकसाहेब. बिशपसाहेबाले तुमच्या तक्रारीचं पत्र लिहून तयार आहे माह्यं. चाळीस वर्सं पुलगावच्या या चर्चची घंटा वाजवून राह्यलो. पण रविवारी एकही माणूस आला नाई, असं कधी झालं नाई.

हरिदास : निरोप द्यायला पाहिजे होता, चुकलोच. पण कापसाची वेचणी लागल्यापासून येत होतं कोण? तुम्ही, मी आणि पेटी वाजवणारा रुपेश. म्हटलं, बाया वावरात, तर उपासना वावरात.

भैयाजी : अन् तुमी झगा कमरेले खोसून कापूस वेचला म्हणते.

धुरपता : खोसून नाई, झग्याची ओटी केलती. म्याच बांधून देल्ली.

भैयाजी : तू बी गेलतीस? नवरा इथं घंटा वाजवून राह्यला अन् बायको वावरात?

धुरपता : गेलती तं. तानाबाईचं वावर, तिचीच अट. रिकाम्या हातानं उपदेश नाई. ज्याले बोलाचं, त्यानं कापसाच्या ओळीची एक पात धरावी. पात सरली का उपदेश सरला.

हरिदास : आणि माझी पात काही सरेना. बाया पार पुढे, मी मागून ओरडून घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सांगतोय.

धुरपता : मंग तो पोरगा घरी येईच ना. शेवटी तानाबाई मागं आली, पाळकसाहेबाची अर्धी पात वेचून देल्ली, तवा कुठं त्याचा बाप त्याले गळ्याशी घ्याले धावला.

भैयाजी : अन् गाणे?

धुरपता : खंजिरीवर. पाळकसाहेब म्हणाले, हात वर करा. आमी केले. याइनंही केले, अन् ओटी सुटली. सारा कापूस बाजूच्या पातीतल्या नलूच्या डोक्यावर. आमी हसून हसून धुऱ्याच्या बांधावर बसलो.

(भैयाजी मिशीआड हसू दाबतात.)

हरिदास : पत्र खुशाल पाठवा. पण इथल्या तीन वर्षांत एवढ्या आनंदानं मी उपासना केली नव्हती. तुम्ही एकट्यानं काय केलंत?

भैयाजी : काय करतो? उपासनाच केली. पाळकाचं म्याच म्हटलं, मंडळीचंही म्याच. पुढं उभा राहून म्हणो, अन् उत्तर द्याले बाकावर जाऊन बसो.

धुरपता : मनून कालपासून गुडघे धरून बसले होय!

हरिदास : आणि उपदेश?

भैयाजी : केला. मलेच झोप लागली.

हरिदास : म्हणजे सगळं झालं की यथासांग.

भैयाजी : नाई ना. आशीर्वाद राह्यला. पत्राचं मंग पाहू. आशीर्वाद काई सोताचा सोताले देता येत नाई, पाळकसाहेब. ही टोपी काढली. द्या.