जावयाची स्लाईड

मेल्यांनो, परत तेच सांगू? चहा पाजताय म्हणून सांगतो.

समुद्रात माझी एक हक्काची जागा होती. डोंगरावरचं देऊळ बरोबर लाईटहाऊसच्या डोक्यावर दिसलं की तिथं जाळं टाकायचं. ही खूण मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

मच्छीमारांच्या सभेत आमचे जावई स्लाईड दाखवणार होते. आकर्षक फोटो हवा म्हणून माझ्या होडीवर आले, नि मी त्या जागी जाळं टाकताना फोटो काढला. सभेत बघतो तर भिंतभर माझी होडी, मागे लाईटहाऊस नि बरोबर त्याच्या डोक्यावर देऊळ! पेंगणारे म्हातारेही ताठ बसले.

मी ओरडलो, "जावईबापू, पुढची लावा!"

"थांबा मामा, लोकांना आवडलाय," म्हणत त्यांनी फोटो आणखी मोठा केला.

सकाळी माझ्या जागेवर अख्ख्या गावाच्या होड्या. जावई खूश, "बघा मामा, माझं प्रेझेंटेशन सगळ्यांच्या लक्षात राहिलं!"

जावयांनी माफी अजून मागितलेली नाही. त्यांचं नाव विनायक.