कोल्ह्याचे डोळे

—नाही हो काका, थर्माकोलचा डबा खालीच ठेवा, टेबलावर नको, बर्फाचं पाणी गळतंय. गेटवरच्या भैयाजींनी अडवलं नाही? अडवलं, आणि तुम्ही मराठी म्हणून सरळ माझ्याकडे पाठवलं— इथं परप्रांतात असंच असतं, मराठी माणूस आला की तो स्नेहलता मॅडमजींचाच कोणीतरी. असू दे. बसा. पण आधीच सांगते, घरचा मेलेला कुत्रा पेंढा भरून देणं आमचं काम नाही. विद्यापीठाचं संग्रहालय आहे हे, मुलांना प्राणी दाखवायचे म्हणून. तो लांडगा, ते साळिंदर, वरची घुबडं— निम्मी माझ्या आधीची, निम्मी माझ्या हातची. आता नवीन काही करत नाही कोणी. मी नुसती धूळ झटकते, कसर लागू नये म्हणून औषध घालते, आणि निवृत्तीची वाट बघते.

काय म्हणालात? काकू पुरू देत नाहीत. सकाळपासून त्याच्या वाडग्यापाशी बसल्यात, पाणीसुद्धा घेतलं नाही. हं. मग तुम्हाला वाटलं, तसाच्या तसा करून आणला तर उठतील. सगळ्यांना तसंच वाटतं. अहो, तसाच्या तसा काही नसतो. मी काय करते, सांगू? कातडं काढते. बाकी सगळं— जे तुमच्या पायाशी झोपायचं ना, ते सगळं टाकून द्यावं लागतं. आत तार, काथ्या, भुसा. तुमचं त्यात एवढंसंही उरत नाही— रडू नका हो, मला कडू बोलायचं नव्हतं, उन्हानं डोकं धरलंय माझं. हे घ्या, पाणी प्या.

मला कसं ठाऊक? असं बघा— ते कोपऱ्यातलं कपाट. कोल्ह्याशेजारी तो तपकिरी उभा आहे, पाटी नसलेला. शाळेची पोरं त्याला कोल्हीण म्हणतात. तो टिल्लू. आमचा. म्हणजे माझ्या मुलाचा, अमोघचा. अमोघ पुण्याला नोकरीला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. दर दिवाळीला यायचा, दर उन्हाळ्यात यायचा, रिक्षातून उतरला की आधी टिल्लू, मग आई. मी हसायचे. टिल्लू गेला तेव्हा फोनवर तो एवढंच म्हणाला की, आता काय. आता काय, म्हणजे? मी विचारलं नाही. मी टिल्लूला इथं घेऊन आले. चांगला केला हो मी, जीव ओतून केला, कान कसा एक पडलेला असायचा, तसाच ठेवला. फक्त डोळे. काचेचे डोळे बाहेरून मागवावे लागतात, यायला महिने लागतात, आणि दिवाळी तर तोंडावर आलेली. कपाटात कोल्ह्याचे होते. पिवळट. मापाला बसले. मला वाटलं, कोण बघतंय एवढं बारकाईनं.

अमोघ आला. टिल्लूला मी घरी नेऊन दारातच उभा केला होता. बॅग हातातच होती. टिल्लूसमोर वाकला, म्हणाला, “आई, हा माझ्याकडे बघत नाहीये.” छोटी मनस्वी, माझी नात, त्याच्या मागं लपली ती बाहेर येईना. राहायचे होते ते दिवाळीभर, पण दुसऱ्याच दिवशी निघाले— सुट्टी कमी मिळाली म्हणे. फोन करतो हं तो, करत नाही असं नाही. येणं मात्र लांब पडतं. आधी पडत नव्हतं. आणि मलाही घरात पोळ्या लाटताना ते डोळे पाठीला लागायचे, म्हणून टिल्लूला परत इथं आणला. अमोघ टिल्लूसाठीच यायचा हे का मला कळत नव्हतं? म्हणून तर मी—

जाऊ दे. काय बोलत बसले मी. तुम्ही असं करा काका, घरामागं जागा आहे ना? पेरू आहे— बरं आहे की. तिथं खड्डा करून घ्या, आणि पहिली मूठ काकूंना टाकू द्या. रडतील, रडू द्यात. संध्याकाळी भात टाका, जेवतील थोडा. नाही जेवल्या तर उद्या जेवतील.

अहो, नका ना असे हात जोडू. माझ्याच्यानं होतं हो अजून, सगळं होतं, तेच तर. त्याचं नाव— नाही, नका सांगू. नाव कळलं की मग मला नाही म्हणता येत नाही. उचला डबा. त्या दारानं जा, तिकडं सावली आहे.