हिवाळ्याचं नाक

माझं लग्न कसं ठरलं विचारतेस ना, ऐक. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बाबांचं नाक गेलं, तेव्हापासून ते सिलिकॉनचं लावतात. इतकं हुबेहूब, की शेजाऱ्यांनाही पत्ता नाही. फक्त दिल्लीच्या उन्हात बाबा काळवंडतात आणि नाक बिचारं गोरंच राहतं. म्हणून डॉक्टरांनी त्यांना दोन नाकं करून दिली, एक हिवाळ्याचं, एक उन्हाळ्याचं.

होळी झाली की आई रजया दिवाणात भरते. त्या वर्षी तिने चुकून रजयांसोबत उन्हाळ्याचं नाक भरलं. एप्रिलमध्ये अजितचे आईवडील लग्नाचं बोलायला पुण्याहून नोएडाला आमच्याकडे आले, तेव्हा बाबा अजून कपाटच उपसत होते. आईला आठवलं, तोवर पाहुणे त्याच दिवाणावर बसले होते. शेवटी बाबा हिवाळ्याचं लावून बाहेर आले.

चेहरा तांब्यासारखा, नाक दुधासारखं. अजितची आई चहात बघत बसली, वडील कपाळ पुसत पंख्याकडे. मला वाटलं, संपलं.

बाबाच म्हणाले, "अहो, हे माझं हिवाळ्याचं नाक. उन्हाळ्याचं तुमच्या खाली आहे. जरा उठता का?"

दोघं ताडकन उठले. आईने दिवाण उघडला, रजयांमधून डबी काढली. बाबा आत गेले आणि नाक बदलून आले.

अजितच्या वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःच्या डोक्यावरचे सगळे केस उचलून टीपॉयवर ठेवले.

"आता घरचेच झालो," ते म्हणाले. "पंखा जरा वाढवता का?"